तुर्काना (केनिया): शाळेला १२ किमीवरून नेट

प्रश्न: टॉवर १२ किमीवर, शाळेत वीज नाही, टॅब्लेट ४०. ५.८ गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक (रेडिओवरून नेट) चालेल का?

उत्तर १: चालेल. पण टॉवर नुसता दिसून भागत नाही. दोन्ही अँटेनांच्या मध्यावर, त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेखाली साडेसात मीटर मोकळे हवेत, शिवाय पृथ्वीच्या गोलाईचे दोन. बाभळीचे शेंडे आड आले की सिग्नल पडलाच.

उत्तर २: रेडिओ, राउटर, सर्व्हर मिळून २० वॉट धरा, म्हणजे दिवसाला ४८० वॉट-तास. सोलर पॅनेल १५० वॉटचं, बॅटरी १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास). लेड-अॅसिड असेल तर निम्म्याखाली उतरवू नका, लवकर बसते.

उत्तर ३: खरी डोकेदुखी टॅब्लेटच्या आपोआप होणाऱ्या अपडेटची, सगळं नेट तेच खातात! ते आधी बंद करा. सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) घ्या, त्यावर कोलिब्री (ऑफलाइन धड्यांचं सॉफ्टवेअर) आणि किविक्स (ऑफलाइन विकिपीडिया वाचायचं) टाका. धडे नेटविना तिथूनच उघडतील.