परिणाम की कर्तव्य : आपले अनुभव लिहावेत

खुन्याने दारात येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला, तरी त्याच्याशीही खोटे बोलू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ च्या निबंधात मांडले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचा पक्ष वेगळा : कृत्याची पारख त्यातून उपजणाऱ्या सुखदुःखावरून करावी. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त बाह्य परिणामांचे हे माप अपुरे ठरवून कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठ मानले. ही मापे आपल्या आयुष्यात एकमेकांविरुद्ध गेली तेव्हा आपण काय केले, ते लिहावे. सुरुवात मी करते.

२ ऑगस्ट २०१६ रोजी नाशिकमध्ये गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेले. शेजारच्या आजी घर सोडेनात, म्हणून “तुमचा मुलगा वरच्या रस्त्यावर गाडी घेऊन थांबला आहे,” असे मी त्यांना खोटेच सांगितले आणि त्या उठल्या. संध्याकाळी त्यांच्या घरात कमरेइतके पाणी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला तेव्हा मी पुन्हा धावत गेले. या वेळी मुलगा खरोखरच येऊन थांबला होता, पण “मागेही तू हेच म्हणाली होतीस, बाई,” असे म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी गल्लीतल्या दोन मुलांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणले. ते पहिले खोटे मी आजही बोलेन, मात्र त्याचे परिणाम मोजताना मी एका संध्याकाळचाच हिशेब केला होता.

द्राक्षबागायतदार, दिंडोरी तालुका :
२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हाचे हाल मी पाहिले आहेत. पुढे एका हंगामात भुरी रोगावरच्या फवारणीनंतर काढणीपूर्वी सोडायच्या दिवसांपैकी चार उरले असताना व्यापारी चांगला भाव घेऊन बागेत आला. माल इथल्याच बाजारात जायचा होता, तपासणीचा प्रश्न नव्हता, आणि एवढ्याशा अंशाने कोणाला काही झाले नसते, असे मला आजही वाटते. मी फवारणीची तारीख सांगितली आणि तो निघून गेला. तिसऱ्या दिवशी अवकाळी पावसाने मणी तडकले व माल मातीमोल भावाने द्यावा लागला. परिणामांवर तोलले तर मी केवळ घरच्यांचे नुकसान केले. परंतु खाणाऱ्याला न विचारता त्याच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार मला नव्हता, एवढेच मी घरच्यांना सांगत आलो आहे.

निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड :
नववीत दोन गुणांनी नापास होणाऱ्या एका मुलीचे शिक्षण थांबवून लग्न लावून देणार आहेत, असे तिच्या आईने रडत सांगितल्यावर मी ते दोन गुण वाढवले. ती आज परिचारिका आहे आणि दर दिवाळीला भेटायला येते. त्याच गठ्ठ्यातली आणखी एक मुलगी दोनच गुणांनी राहिली होती. तिच्या घरून कोणी आले नाही, म्हणून तिची उत्तरपत्रिका मी पुन्हा उघडलीच नाही; जूनमध्ये ती शाळेत आली नाही.