मदत हवी आहे : संशोधकांची चरित्रं सुचवा, पण आरत्या नकोत

मंडळी, सध्या मायकेल फॅरेडेने झपाटलंय. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा पोरगा 1812 साली त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याची व्याख्यानं ऐकतो, टिपणं स्वतः बांधून त्यालाच पाठवतो. काय धाडस! पुढे 1831 मध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताना आणि तोडताना तेवढ्यापुरती दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसुई हलली, एरवी ढिम्म. त्या क्षणभराच्या हलण्यावरच गडी अडून बसला.

अशी, थेट प्रयोगवहीत डोकावू देणारी चरित्रं कोणती? मराठीत असतील तर उत्तम, सोपं इंग्रजीही चालेल. ‘लहानपणापासूनच असामान्य’ छापाची ढिगाने वाचून झालीत. टेस्ला किंवा मेरी क्युरीवरचं काही असेल तर आधी तेच सांगा.