‘धिस अमेरिकन लाइफ’चे जुने भाग ओळीनं ऐकावेत की निवडून?

वडगावकरीण
नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला असते, घरी साड्यांना पिको-फॉल करते. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे, म्हणून भाच्यानं मोबाईलवर शिकागोत सुरू झालेला हा रेडिओ कार्यक्रम लावून दिला. १९९५ पासूनचे ८०० च्या वर भाग आहेत. तासाभराचा भाग, एक विषय, आणि नाटकासारखे अंक. बोलणं भराभर जातं, पण साइटवर लेखी प्रत मिळते. रात्री ती वाचते नि दुसऱ्या दिवशी तोच भाग परत लावते.

परवा २००८ चा एक ऐकला. १९५१ साली विस्कॉन्सिनमध्ये दोन तान्ह्या मुलींची अदलाबदल झालेली. एका आईला ते सुरुवातीपासून ठाऊक होतं. मुली ४३ वर्षांच्या झाल्यावर तिनं पत्र लिहून सांगितलं! आधी मुलींची बाजू येते, तेव्हा या बाईचा मला भयंकर राग आलेला. मग ती स्वतः बोलते. डॉक्टरांना ओशाळं वाटेल म्हणून नवऱ्यानं विषय काढू दिला नव्हता. माझी सुई तिथंच थांबली. आईची बाजू आधी आली असती तर मुलींचं दुःख मी इतकं मनावर घेतलं असतं का?

आता माझी अडचण. आमच्या गल्लीत शहापुरी साड्यांच्या मागावर जन्म काढलेल्या आज्या आहेत. कांड्या भरत भरत निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलतात. त्यांचं बोलणं मला साठवून ठेवायचंय, आत्ताच, उशीर व्हायच्या आत. कसं विचारायचं, काय आधी ठेवायचं हे शिकायचं तर कुठून ऐकू?

लोंढा_पॅसेंजर
अक्का, निवडून ऐका. पहिले काही महिने तर कार्यक्रमाचं नावही वेगळं होतं, मार्च १९९६ ला बदललं. मी म्हणेन २०१२ च्या मार्चमधला माघारीचा भाग आधी घ्या. चीनमधल्या कारखान्यांवर एका कलाकारानं सांगितलेली हकीकत त्यांनी जानेवारीत लावली होती. शांघायच्या एका वार्ताहरानं त्या कलाकाराची दुभाषी बाई शोधली, तेव्हा बरंच रचलेलं निघालं. मग या लोकांनी अख्खा तास आपली चूक उलगडण्यात घालवला. त्या माणसाला प्रश्न विचारल्यावर तो गप्प होतो, आणि ती लांबच लांब शांतता कापलेली नाही. आज्यांचं ऐकताना हे फार कामाला येईल. त्या गप्प झाल्या की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका.

निपाणीचे_काका
मला नाही पटत. ओळीनंच ऐक, बाळ. विविध भारतीवर रात्री ‘हवा महल’ ऐकत मी मोठा झालो. रोज ऐकलं की बरा भाग कुठला नि फसलेला कुठला, ते कान आपोआप ओळखायला लागतो. निवडलेलेच ऐकलेस तर हे कसं येणार? एक मात्र बघ, बोलण्याखालचं संगीत नेमकं महत्त्वाच्या वाक्याला बंद करतात. ते कुठं बंद झालं, तेवढं वहीत लिहीत जा.

वडगावकरीण
काका, संगीताचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आजपासून लिहिते. शेजारच्या आजींना काल विचारून बघितलं. “विणायला कधी लागलात?” म्हटलं तर “लग्नाआधी” एवढंच. “स्वतः विणलेली साडी कधी नेसलात?” म्हटल्यावर चहा गार होईस्तोवर बोलत होत्या. पण मागाच्या खडखडाटात निम्मं ऐकूच येत नाही. काय करावं?

लोंढा_पॅसेंजर
लाईट गेली की यंत्रमाग थांबतात, तेव्हा गाठा. मोबाईल पदरावर नको, सळसळ येते. पाटावर, तोंडापासून वीतभर. आणि कुणीच बोलत नसताना नुसता मागाचा आवाजही मिनिटभर वेगळा घेऊन ठेवा, दोन बोलणी जोडताना मध्ये घालता येतो. आजींचं कन्नड कापू मात्र नका. खाली मराठीत लिहून द्या, लागलं तर मी मदत करतो.