घोडीचं पहिलं पाणी तपकिरी आलं म्हणजे शिंगरू मेलं? कोण पसरवतंय हे?

खटावकर: अश्वपालकांच्या गटात एका शहाण्याने टाकलंय, "पाणमोट फुटून तपकिरी पाणी आलं की शिंगरू आत मेलं समजा. डॉक्टरची वाट न बघता कळा वाढवायची सुई द्या आणि ओढून काढा." ते वाचून आमच्या गल्लीतलं एक पोरगं धडधाकट गाभण घोडीसाठी दोर घेऊन तयार बसलंय. म्हणून लिहितोय.

बाबांनो, पिशव्या दोन असतात. बाहेरची वारेच्या, म्हणजे शिंगराला पोसणाऱ्या पडद्याच्या आत. तिच्यात शिंगराचं मूत नाळेतून येतं, वारेचा स्रावही मिसळतो. दिवस भरताना ८ ते १५ लिटर. ते पिवळट-तपकिरीच असतं आणि पहिलं तेच फुटतं. आतली पांढरट पिशवी शिंगराच्या अंगाभोवती. तिच्यात ३ ते ५ लिटर, बुळबुळीत. त्यातही शेवटी मूत, शिवाय फुप्फुसातला नि तोंडातला स्राव. दोन्ही पाण्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मुतातून बाहेर पडणारं द्रव्य, सापडतं ते त्यामुळेच. रंग बघायचा तर आतल्या पिशवीचा बघा!

तासगावचा_तात्या: झालं पुस्तक वाचून? आमच्या लाडीचं पाणी तपकिरीच आलं आणि शिंगरू मेलेलं निघालं. रात्री दोनला डॉक्टरला फोन केला, तर म्हणे गाय असती तर आलो असतो, घोड्याचं आपल्याला जमत नाही. सकाळी आला, फी घेतली, गेला. लिटरं मोजण्यापेक्षा यावर लिहा की.

माणदेशी_पोर: आमच्या मेंढरांमागच्या घोड्या तळावरच व्यातात. पहाटे उठावं तर शिंगरू कासेला लागलेलं. कसली पाणमोट नि कसला डॉक्टर. वरातीत नाचवायला उंच मारवाडी घोड्या आणायच्या, खुराक घालून फुगवायच्या, मग रडायचं. भीमथडी तट्टं पाळा की.

तासगावचा_तात्या: तळावर मेलेली शिंगरं पुरून तुम्ही पुढच्या गावाला जाता. ती कोण मोजतं?

माणदेशी_पोर: तोंड सांभाळून, तात्या.

विट्याचे_दाजी: भांडू नका रे. एक विचारतो. त्या पाण्यात तपकिरी, रबरासारखी चपटी वडी निघते. आमचे आजोबा म्हणायचे, शिंगरू ती जिभेखाली धरून असतं, तिच्यामुळे गुदमरत नाही. वाळवून तबेल्यात टांगली तर घोडं शर्यत हरत नाही.

खटावकर: दाजी, वडी बाहेरच्या पाण्यात आणि शिंगरू आतल्या पिशवीत. जिभेखाली जाईल कशी? मेलेल्या पेशींवर क्षारांचे थर बसून ती होते. अॅरिस्टॉटलने ती शिंगराच्या कपाळावर असते असं लिहिलंय. तोही चुकला.

विट्याचे_दाजी: म्हणजे आजोबा अॅरिस्टॉटलच्या पंक्तीला बसले. बरं वाटलं.

माणदेशी_पोर: एकाने आमच्याकडे ती वडी वशीकरणाला मागितली होती. पाचशे देतो म्हणाला.

विट्याचे_दाजी: दिली का?

माणदेशी_पोर: कुत्र्याने खाल्ली. कुत्रं अजून कुणाचं ऐकत नाही.

विट्याचे_दाजी: हसा. पण आजोबांच्या घोडीने पुसेगावच्या जत्रेपर्यंत नाव काढलं होतं.

खटावकर: वडी पुरे. तात्या, आठवून सांगा. पहिलं पाणी सोडा, शिंगराभोवतालची पांढरी पिशवी कशी होती?

तासगावचा_तात्या: पिवळी पडलेली. शिंगराचं अंगही पिवळं. नाकात चिकटलेलं.

खटावकर: मग ते आतच हगलेलं. कोंडलं की असं होतं. म्हणजे खूण आतल्या पाण्यात होती.

तासगावचा_तात्या: असेल. तुमचं बरोबर धरू हो साहेब, शिंगरू उठणार आहे का?

खटावकर: नाही उठणार. पण ती सुई किती घोड्यांना टोचली जाईल, विचार करा. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसताना कळा वाढवल्या तर घोडीही जाईल. एरवी पाणमोट फुटली की २०-३० मिनिटांत शिंगरू बाहेर येतं. सगळ्यात मोठी घाई एका वेळी. पांढरीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी आधी दिसली तर. तेव्हा वार सुटत आलेली असते, शिंगराचा श्वास तुटतो. ती लगेच फाडायची. डॉक्टरला फोन लागेपर्यंतही थांबायचं नाही.

तासगावचा_तात्या: हां, हे कामाचं बोललात. एवढ्या उशिरा का होईना. पण लाथ मारणाऱ्या घोडीमागे अंधारात कात्री घेऊन उभं कोण राहणार, तुम्ही?

खटावकर: खटावहून तासगावला वेळेत पोचणार नाही. फोन मात्र उचलेन, कितीही वाजता.

तासगावचा_तात्या: उचलला तर त्या डॉक्टरनेही होता.