क्लाउडवर पायथन ॲप सुरू होतानाच बंद पडते; एररहँडलर चालत नाही

प्रश्न (पंचवटी, नाशिक)
नमस्कार. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांना फवारणीच्या नोंदी ठेवता याव्यात, म्हणून मी फ्लास्क या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये एक ॲप लिहिले असून ते क्लाउडवर कंटेनरमधून (ॲप आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेला संच) गुनिकॉर्न या वेब-सर्व्हरखाली चालते. नवी आवृत्ती चढवली की ते सुरूच होत नाही आणि लॉगच्या शेवटी ‘वर्कर फेल्ड टू बूट’ (ॲप चालवणारी प्रक्रिया सुरू होऊ शकली नाही) एवढेच दिसते. सगळे एक्सेप्शन (कोड चालताना उद्भवणाऱ्या चुका) पकडणारा एररहँडलर लिहिलेला असूनही तो का चालत नाही? हंगाम तोंडावर आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (सातपूर)
फ्लास्कचा एररहँडलर एखादी रिक्वेस्ट हाताळली जात असतानाच कामाला येतो. आपली चूक त्याच्या कितीतरी आधी, मॉड्यूल (ॲपच्या कोडची फाइल) इम्पोर्ट म्हणजे लोड होत असताना घडते आहे. तिथे सिस.एक्सेप्टहुक (कुणीच न पकडलेल्या एक्सेप्शनसाठीची पायथनची सोय) लावूनही उपयोग नाही, कारण ते एक्सेप्शन गुनिकॉर्न स्वतःच पकडतो, ट्रेसबॅक (चूक कोणत्या ओळीत झाली याचा माग) छापतो आणि वर्कर 3 हा कोड देऊन थांबतो. म्हणजे खरे कारण आपण पाहिलेल्या ओळीच्या वर असणार. लॉग पाहताना ठरावीक ओळीच दाखवणारा फिल्टर लावला असेल, तर तो काढून पाहावे.

कायमची सोय हवी असेल, तर ॲप तयार करणारी ओळ एका छोट्या प्रवेश-फाइलमध्ये ट्राय-एक्सेप्टमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या रचनेत) ठेवावी, त्याआधी लॉगिंग सुरू करावे आणि एक्सेप्टमध्ये नोंद झाल्यावर तेच एक्सेप्शन पुन्हा रेज करावे, म्हणजे वर जाऊ द्यावे. हे शेवटचे काम कृपया टाळू नये. चूक गिळून ‘क्षमस्व’ असे पान दाखवले, तर क्लाउडला कंटेनर ठणठणीत वाटतो आणि चालू असलेली जुनी आवृत्ती बाजूला सारून तो सगळी वाहतूक मोडक्या आवृत्तीकडे वळवतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. फिल्टर काढल्यावर की-एरर (मागितलेले नाव न सापडल्याची चूक) दिसला: डेटाबेसचा पत्ता देणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून दिली जाणारी सेटिंग) नव्या आवृत्तीला मिळालेलाच नव्हता.

उत्तर (सिन्नर)
अशा चुका आवृत्ती चढवण्यापूर्वीच सापडाव्यात, यासाठी गुनिकॉर्नचा चेक-कॉन्फिग हा पर्याय त्याच इमेजमध्ये (ज्यावरून कंटेनर तयार होतो तो साचा), त्याच व्हेरिएबलांसह चालवावा. तो ॲप इम्पोर्ट करून पाहतो आणि जमले नाही तर 1 हा कोड देतो.

मात्र व्हेरिएबल नसणे आणि डेटाबेस क्षणभर न मिळणे यांत फरक करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या प्रसंगी ॲपने तत्काळ थांबावे. दुसऱ्यासाठी डेटाबेसची जोडणी इम्पोर्टच्या वेळी न करता पहिल्या रिक्वेस्टपर्यंत लांबवावी.