सायडर उतू जातंय, एअरलॉक तुंबतोय, काय करू?

खटपटीताई:
मंडळी, पहिल्यांदाच सफरचंदाचं सायडर लावलंय. पाच लिटरची काचेची बरणी, रस पार गळ्यापर्यंत भरला (इथेच माती खाल्ली बहुतेक), यीस्ट टाकलं, रबरी बूच आणि वर तो वाकड्या नळीचा एस आकाराचा एअरलॉक (आत थोडं पाणी असतं, गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही). दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तपकिरी फेस एअरलॉकमधून वर येऊन ओट्यावर ओघळलेला. धुऊन लावला, दुपारी परत तेच. सगळं व्हिनेगर होणार का आता? आणि एअरलॉक कुठला चांगला ते पण सांगा, हा तर धुताच येत नाही धड.

बुडबुडेश्वर:
घाबरू नका, इतका जोर आहे म्हणजे यीस्ट मजेत आहे. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते आणि आत्ता बरणीतून गॅस बाहेर धावतोय, हवा आत शिरणार कशी. आधी एक करा, लिटरभर रस स्वच्छ बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवा, झाकण सैल बरं का, त्यात पण यीस्ट गेलंय. फेस बसला की परत ओता.
गंमत म्हणून हिशोब सांगतो, लिटरमागे साधारण 100 ग्रॅम साखर धरली तर पाच लिटरमध्ये अर्धा किलो, त्यातली जवळपास निम्मी वजनाने कार्बन डायऑक्साइड होऊन जाते, म्हणजे सव्वाशे लिटरच्या वर गॅस! तो सगळा त्या पेन्सिलीएवढ्या नळीतून जायचा, वर फेस आणि गर. तुंबणारच.

गाळसाळ:
माझं मत, पहिले तीन-चार दिवस एअरलॉक लावूच नये. जाड नळी लावा, बुचाच्या भोकात घट्ट बसेल अशी, जेवढी रुंद मिळेल तेवढी, दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं, खोल नको. भांडं बरणीपेक्षा खाली ठेवा. फेस येऊ दे किती यायचा तो, भांड्यात जातो, ओटा कोरडा. तीन तुकड्यांचा एअरलॉक असेल तर आतली टोपी काढून मधल्या दांडीवर नळी चढवता येते, पण ती दांडी बारीकच असते, गरवाला रस असेल तर त्याचा भरवसा धरू नका.
विकत घ्यायचा तर तीन तुकड्यांचाच घ्या, सुटा करून ब्रश फिरवता येतो. एसवाला नंतरच्या शांत दिवसांसाठी ठेवा, त्यात बुडबुडे छान दिसतात, बघत बसायला बरं वाटतं 😄

खटपटीताई:
नळी मिळेपर्यंत बूच घट्ट दाबून ठेवू का, म्हणजे फेस येणार नाही?

गाळसाळ:
अजिबात नको!! गॅस कुठेतरी जाणारच. एअरलॉक गराने तुंबला आणि बूच घट्ट असलं तर एकतर बूच छताला लागतं नाहीतर काच फुटते. माझं बूच गेलंय छताला, डाग अजून आहे, घरी रोज ऐकतोय. तोवर बूच काढून तोंडावर निर्जंतुक केलेली अॅल्युमिनियम फॉइल सैल ठेवा, जोर आहे तोवर दोन दिवस आरामात चालतं.

थंडनिवांत:
सगळे नळीवर बोलताय, खोलीच्या तापमानाबद्दल कोणीच विचारलं नाही. 25 च्या वर गेलं की यीस्ट उधळतं, फेस जास्त आणि चवही रांगडी. 16 ते 20 अंशांत ठेवा, नाही जमलं तर बरणी पाण्याच्या टबमध्ये बसवा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. फक्त एकदम गार करू नका, आतला गॅस आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी उलटं रसात ओढलं जातं. म्हणून मी त्यात साधं पाणी न घालता व्होडका घालतो, गेली दोन थेंब आत तर गेली, बिघडत काही नाही. उडून जाते मात्र, आठवड्याला बघून भर घाला.
आणि यीस्टचं खाद्य घालणार असाल तर कोरडी पूड टाकू नका, रसात विरलेला गॅस त्या कणांवर एकदम सुटतो आणि कारंजं उडतं. थोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू.

खटपटीताई:
रस काढला, नळी लावली, टबात बसवली. रात्रभर भांड्यात गुडगुड चालू होती, ओटा स्वच्छ! आता एअरलॉक परत कधी? आणि बुडबुडे थांबले की झालं ना, भरू बाटल्यांत?

बुडबुडेश्वर:
फेस बसून कडेला नुसतं तपकिरी कडं राहिलं की नळी काढा, फ्रिजमधला रस ओता, एअरलॉक लावा. या वेळी मात्र वर जागा कमी ठेवायची, आता गॅस मंदावलेला असतो, हवा राहिली की मग खरंच आंबट होतं.
बुडबुड्यांवर बाटल्या भरू नका हो ताई. बूच कुठे गळत असेल तरी बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटरने मोजा (रसात तरंगणारी काचेची नळी, पाण्याच्या तुलनेत घनता दाखवते, साखर संपत गेली की आकडा उतरतो), आकडा सुरुवातीला 1.050 च्या आसपास असतो, 1.000 किंवा खाली येऊन तीन-चार दिवस हललाच नाही तर भरा.

खटपटीताई:
हायड्रोमीटर नाहीये 🙈 आणते.