‘उकळलेलं पाणी’ की ‘उकळतं पाणी’? इंग्रजी विशेषणांतल्या ‘-एड’ आणि ‘-इंग’बद्दल

खानापूर तालुक्यातून

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. पावसाळ्यावरच्या निबंधात एका मुलीनं लिहिलं, ‘वी शुड ड्रिंक बॉइलिंग वॉटर.’ तिला ‘बॉइल्ड’ म्हणायचं होतं. त्याच वहीत पुढं ‘आय ॲम बोअरिंग ॲट होम’ असंही होतं. मी शिकले तो नियम असा: माणूस असेल तर ‘-एड’, वस्तू असेल तर ‘-इंग’. मुलांनाही तोच सांगत आले. पण पाणी तर वस्तू, आणि तिथं ‘-एड’ हवं. मग हा नियम चुकतो कुठं?

शहापूर, बेळगाव

ताई, तो नियम सोडूनच द्या. ‘अवर नेबर इज बोअरिंग’ हे इंग्रजी अगदी बरोबर आहे आणि शेजारी हा माणूसच आहे. पोरांनी विचारायचं ते एवढंच: याच्यावर क्रिया झालीय, की हा ती करतोय?

हा फरक त्यांच्या तोंडात आधीपासून आहे. उकळलेलं पाणी प्यायचं, उकळत्या पाण्यात हात घालायचा नाही. तळलेला मासा, वाहतं पाणी. थकलेला मजूर, थकवणारं काम. ‘-लेला’ आला की बहुतेक वेळा इंग्रजीत ‘-एड’ येतं: बॉइल्ड, फ्राइड, टायर्ड. ‘-ता’ किंवा ‘-णारा’ आला की ‘-इंग’: बॉइलिंग, रनिंग, टायरिंग. काही रूपं वेगळी असतात. ‘तुटलेली खुर्ची’ म्हणजे ‘ब्रोकन चेअर’, तिथं ‘-एड’ दिसत नाही. पण ‘ब्रोकन’ बसतं ‘-लेला’च्याच जागी.

‘बोअरिंग’ची गोष्ट जरा निराळी आहे आणि तिच्यावर वेळ घालवायला हवा. मुलगी मनात म्हणते, ‘मला कंटाळा आलाय.’ या वाक्यात विशेषण नाहीच. ‘कंटाळा’ हे नाम आहे, आणि तो आला ‘मला’. इंग्रजीला हा साचा चालत नाही. तिथं ‘आय ॲम’ म्हटलं की पुढं स्वतःचं वर्णन करावं लागतं. शब्द आठवायचा म्हणून ‘कंटाळा म्हणजे बोअरिंग’ एवढंच ती लावते, आणि वाक्याचा अर्थ होतो, ‘मी कंटाळवाणी आहे.’ म्हणून इंग्रजीत जायच्या आधी मराठीतच एक पायरी घ्यायला लावा. ‘मला कंटाळा आलाय’चं आधी ‘मी कंटाळलेय’ करायचं. मग कंटाळलेली म्हणजे बोअर्ड, कंटाळवाणा म्हणजे बोअरिंग. ‘मला आश्चर्य वाटलं’ याचंही तसंच: मी चकित झाले, सरप्राइज्ड, चकित करणारी बातमी, सरप्राइजिंग.

निपाणीहून

सरांची युक्ती घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांनाही लागू पडते. उकळलेलं पाणी म्हणजे ‘कुदिसिद नीरु’, उकळतं पाणी म्हणजे ‘कुदियुव नीरु’. कंटाळ्याचा साचाही आपल्यासारखाच: ‘ननगे ब्यासर आगेति’. म्हणजे चूकही तीच होणार आणि उपायही तोच.

सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या बोलींवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 साली लिहिलं होतं. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द वेगळे असले तरी वाक्याची घडण इतकी जवळ आलीय, की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर जमतं. सीमेवर राहणाऱ्याला हे वाचून नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत रोज तेच चालतं.

तुलनेतही हे दिसतं. ‘खानापूरपेक्षा बेळगाव मोठं’, ‘खानापुरक्किंत बेळगावि दोड्डदु’. आपण दोघंही खूण लावतो ती खानापूरला. तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही. इंग्रजीत ‘दॅन’ तर येतंच, शिवाय विशेषणही बदलतं: ‘बिगर’. मुलांना हे बदललेलं रूप पुरेसं वाटत नाही, म्हणून ती ‘जास्त’ची भर घालून ‘मोअर बिगर’ करतात. ‘-अर’ लागलं की ‘मोअर’ नको, एवढं ठणकावून सांगितलं तरी पुरतं.

खानापूर तालुक्यातून

सर, आज ‘मी कंटाळलेय’ची पायरी करून घेतली. पाच वाक्यांतली चार बरोबर आली. पाचव्यात मीच अडकले. ‘घाबरलेलं मूल’ला एकानं ‘अफ्रेड चाइल्ड’ लिहिलं आणि ‘झोपलेलं मूल’ला ‘अस्लीप चाइल्ड’. चूक आहे हे कळतं, पण का ते सांगता येईना.

शहापूर, बेळगाव

ताई, काही विशेषणं इंग्रजीत नामाच्या आधी बसतच नाहीत: अस्लीप, अलाइव्ह, अफ्रेड, अलोन. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ चालतं, ‘अस्लीप चाइल्ड’ नाही. तिथं ‘स्लीपिंग चाइल्ड’, ‘फ्रायटन्ड चाइल्ड’ म्हणायचं.

या चौघांची कुळं एक नाहीत. ‘अफ्रेड’ आणि ‘अलोन’ दुसरीकडून आले. पण ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ यांच्या सुरुवातीचा ‘अ’ हा जुना ‘ऑन’ आहे. ‘ऑन स्लीप’ झिजून ‘अस्लीप’ झालं. म्हणजे मुळात तो आपल्या ‘झोपेत’सारखा शब्द. ‘मूल झोपेत आहे’ असं आपण म्हणतो, पण ‘झोपेत मूल रडलं नाही’ म्हटलं तर ‘झोपेत’ रडण्याला जोडलं जातं, मुलाला नाही. मुलाचंच वर्णन करायचं तर ‘झोपेत असलेलं मूल’ म्हणावं लागतं. उद्या फळ्यावर ‘झोपेत मूल’ एवढंच लिहा आणि मुलांना विचारा, काय राहिलं? ‘असलेलं’ हा शब्द तीच भरतील, मग ‘अस्लीप चाइल्ड’ का अडतं ते वेगळं सांगावं लागणार नाही.